रविवारचे दाते

ब्लँकेट मला नकोच होतं. माझ्या कपाटात तीन होती. त्यातलं एक मी निवृत्त झाले तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून दिलं होतं, ते तर मी वापरायलाही काढलं नव्हतं. तरीही त्या रविवारी सकाळी मी चौथ्या ब्लँकेटचं एक टोक धरून उभी होते, दुसरं टोक एका अनोळखी गृहस्थांच्या हातात होतं, आणि आम्ही दोघं कॅमेऱ्याकडे बघत होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमचं घराणं बेंगळुरातलं जुनं. वडिलांचं पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, कापडाचं दुकान होतं, पुढे ते धाकट्या भावाने चालवलं. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण आमचं मराठी पुण्याच्या पाहुण्यांना कळायला वेळ लागायचा. बोलता बोलता त्यात कन्नडमधले 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे ठीक, हे शब्द कधी येऊन बसायचे ते आमचं आम्हालाही कळत नसे. मी लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले, तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून दिले, आणि राहिले धाकट्या भावाकडे, जयनगरला. भाऊ चांगला, भावजयही चांगली. पण त्या घरात मला खोली नव्हती. हॉलमधल्या दिवाणावर माझं अंथरूण. टीव्ही बंद झाल्याशिवाय ते घालता यायचं नाही आणि दूध आलं की गुंडाळावं लागायचं. पुतण्याचं लग्न झालं, तरी मला कोणी जा म्हणालं नाही. पण नवी सून पहाटे हॉलमधून जाताना माझ्या उशाशी पाऊल हळू टाकायची, श्वास धरून. बिचारीला स्वतःच्या घरात चोरासारखं चालावं लागत होतं. ते मला बघवेना.

तेव्हा जुन्या ऑफिसातल्या एकीने त्या इमारतीबद्दल सांगितलं. मारतहळ्ळीच्याही पुढे, जिथे त्या वेळी नाचणीची शेतं आणि वीटभट्ट्या होत्या आणि रिंग रोडसाठी लाल माती उकरून ठेवलेली होती, तिथे एका ट्रस्टने तीन मजल्यांची इमारत बांधली होती. साठीच्या पुढची आणि थोडक्या उत्पन्नाची माणसं, एवढ्यांनाच जागा. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, न्हाणीघर. भाडं माझ्या पेन्शनमध्ये बसणारं. स्वतःचं स्वतःला करता आलं पाहिजे आणि दरवर्षी करार नवा करायचा, या दोन अटी. तो वृद्धाश्रम नव्हता. आम्ही भाडं भरणारे भाडेकरू होतो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं भांडण याच्यावरूनच झालं.

पहिल्या दुपारी सामान लावून झाल्यावर मी दार आतून लावलं. मग उघडलं, आणि पुन्हा लावलं. एकसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतःची कडी मिळाली होती. त्या दिवशी मी एक वाटी भाताचं, लिंबू पिळून, चित्रान्न केलं आणि खिडकीत बसून जेवले. शेंगदाणे जरा जास्त घातले. कोणी विचारणारं नव्हतं.

तेव्हा त्या जागेत चांगलं काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. गच्चीवर उन्हावर तापणाऱ्या पाण्याची टाकी होती, बुधवारी डॉक्टर यायचे, अंगणात करंजाच्या झाडाखाली बाकं होती. वाईट म्हणाल तर लिफ्ट नव्हती, पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंती ओल धरायच्या आणि भाजी आणायला बस धरून जावं लागायचं. हे सगळं मी आनंदाने सोसलं असतं.

माझ्या दारासमोर एक अम्मा राहायच्या. पंचाहत्तरीच्या, काटक, फक्त कन्नड बोलणाऱ्या. प्रसूतिगृहात त्यांनी आया म्हणून जन्म काढला होता. अर्ध्या बेंगळुराला मी पहिली आंघोळ घातलीय, असं त्या सांगायच्या. नवरा फार लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भाऊबहीण कोणी उरलेलं नाही. मी टेलिफोनमध्ये होते हे कळल्यावर त्या मला फोनम्मा म्हणायला लागल्या. सकाळची कॉफी आम्ही एकत्र घ्यायचो, एक दिवस त्यांच्या डिकॉक्शनची, एक दिवस माझ्या. तळमजल्यावर एक अण्णा होते, कापडगिरणीतून निवृत्त झालेले. दोन्ही मुलांकडे पाळीपाळीने राहून कंटाळले होते. त्यांचं म्हणणं, आयुष्यात पहिल्यांदा आपण सून काय म्हणेल याचा विचार न करता खोकतोय.

अशी आमची बरी चालली होती. मग रविवार सुरू झाले.

आधी दिवाळीला एका क्लबची माणसं फराळाचे डबे घेऊन आली. सणाचा दिवस, कोणाला वावगं वाटलं नाही. मग महिन्यातून एकदा कोणीतरी येऊ लागलं, मग जवळजवळ दर रविवारी. त्या भागात नव्या कंपन्या येत होत्या, नव्या शाळा निघत होत्या, आणि त्या सगळ्यांना कुठेतरी जाऊन दान करायचं होतं. दहा वाजता मॅनेजर घंटा वाजवायला लावायचा. घंटा वाजली की सगळ्यांनी खालच्या हॉलमध्ये यायचं, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसायचं. एखादी बाई वर राहिली तर वॉचमन जिना चढून दार वाजवायचा. कोणी आजारी आहे का, हे बघायला नव्हे. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून.

पाहुण्यांपैकी कोणीतरी इंग्रजीत बोलायचं. हॉलमध्ये इंग्रजी नीट कळणारे आम्ही चार-पाच जण. एकदा एक तरुण गृहस्थ आपल्या माणसांना म्हणाले, "या लोकांना जगात कोणी नाही. यांच्या मुलांनी यांना टाकून दिलंय. आज आपण यांची मुलं होऊ या." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या अम्माही टाळ्या वाजवत होत्या.

"काय म्हणाले गं?" त्यांनी मला विचारलं.

"आपण सगळे बरे आहोत का, असं विचारतायत," मी म्हटलं.

"किती चांगले," अम्मा म्हणाल्या.

मग केळी, बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या. एकेकाने उठायचं, पुढे जायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं. केळं घेताना मला कधी लाज वाटली नव्हती, पण ओळीत उभं राहून ते घेताना वाटायची. अण्णांना वाटत नसे. "केळं आहे, खायचं," ते म्हणायचे. "मी गिरणीत बोनससाठी याच्याहून लांब रांगेत उभा राहिलोय." पण बोनस त्यांच्या हक्काचा होता, हे मी त्यांना म्हटलं की ते केळं सोलायला लागायचे.

महिन्यातला एक रविवार मात्र वेगळा असे. जवळच्या एका शाळेच्या मुली यायच्या. त्यांच्या बाई भाषण करायच्या नाहीत, नुसत्या म्हणायच्या, जा, बसा गप्पा मारत. त्यातली एक नववीतली चष्मेवाली मुलगी सरळ अम्मांकडे यायची. अम्मा तिच्या दोन वेण्या सोडून पुन्हा घट्ट घालायच्या. सुई न वापरता, केळीच्या सोपाच्या दोऱ्याने अबोली कशी गुंफायची ते त्यांनी तिला शिकवलं. मुलगी गेली की अम्मा दोन दिवस तिच्याबद्दल बोलायच्या आणि उरलेले दिवस पुढच्या वेळची तयारी करायच्या. हे मी तेव्हाही पाहत होते. पण रागात असलेल्या माणसाला जे दिसतं ते लक्षात राहत नाही.

ब्लँकेटचा रविवार थंडीतला. येणाऱ्या मंडळींबरोबर एक फोटोग्राफर होता, ट्रस्टचे सेक्रेटरीही आले होते. एकेकाला पुढे बोलावून, ब्लँकेट दोघांच्या मध्ये धरून, फोटो काढायचे असं ठरलं होतं. माझी पाळी आली तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "अज्जी, हातातलं घड्याळ स्वल्प काढता का? चमकतंय."

मी काढलं. वीस वर्षं नोकरी झाल्यावर स्वतःसाठी घेतलेलं घड्याळ होतं ते. ड्यूटीवर एक मिनिट इकडेतिकडे चालायचं नाही, म्हणून चांगलं घेतलं होतं. ते मी मुकाट्याने काढून कनवटीला खोचलं आणि फोटोला उभी राहिले. चमकत असेल, असं मला खरंच वाटलं. माझ्यानंतर अण्णांची पाळी आली. त्यांनी मुलाने पाठवलेला नवा कोरा लोकरी स्वेटर घातला होता. फोटोग्राफर त्यांना म्हणाला, "अज्जा, स्वेटर काढा ना. थंडी वाजतेय असं वाटायला पाहिजे."

अण्णांनी स्वेटर काढला. आतला बनियन खांद्यावर विरलेला होता. तसेच ते ब्लँकेट धरून उभे राहिले, आणि फोटोग्राफर म्हणाला, "हां, आता सरी."

तेव्हा मला माझ्या घड्याळाचा अर्थ कळला. मी खुर्चीत बसले होते, मांडीवर ते ब्लँकेट. उठून काही बोलावं असं वाटलं आणि बोलले नाही. तीस वर्षं पलीकडून लोक वाटेल ते बोलले तरी आवाज चढवायचा नाही, अशी सवय लागलेली. ती सवय त्या दिवशी माझ्या कामाला आली नाही, त्यांच्या आली.

चार दिवसांनी भाऊ आला. मी तिथे राहायला गेल्यापासून दीड वर्षात तो पहिल्यांदाच येत होता. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्याने कन्नड वर्तमानपत्र माझ्यासमोर टाकलं. फोटो माझाच होता. मान जरा खाली, हात पुढे. खाली छापलं होतं, 'अनाथ वृद्धांना मायेची ऊब'.

"अक्का, हे काय आहे?" तो म्हणाला. "सकाळपासून दुकानात दहा माणसांनी विचारलं. बहिणीला अनाथाश्रमात टाकलं का म्हणून. मी काय सांगू लोकांना?"

"सांग की ती भाडं भरून राहते."

"कोण विश्वास ठेवेल? फोटो बघ तुझा. तू हात पसरून उभी आहेस. आत्ताच्या आत्ता सामान बांध आणि घरी चल."

"घरी कुठे? दिवाणावर?"

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "आम्ही तुला कधी काही कमी केलं का?"

"नाही केलं," मी म्हटलं. "पण दीड वर्ष मी इथे कशी आहे ते बघायला तू आला नाहीस. आज आलास, कारण लोकांनी तुला विचारलं."

हे बोलायला नको होतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याने कॉफी घेतली नाही. जाताना वर्तमानपत्र मात्र घडी करून घेऊन गेला, मला ठेवू दिलं नाही. समोरच्या दारात अम्मा उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कळलं नव्हतं. "भाऊ का?" त्यांनी विचारलं. "चेहरा तुझ्यासारखाच आहे."

त्याच दुपारी मी ट्रस्टच्या सेक्रेटरींना पत्र लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं. आम्ही भाडेकरू आहोत, अनाथ नाही. हॉलमध्ये यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, आणि कोणाच्या अंगावरचं काही काढायला सांगू नये. अशा पाहुण्यांपेक्षा पाहुणे न आलेले बरे, असंही एक वाक्य शेवटी लिहिलं. ते रागाच्या भरात लिहिलं आणि खोडलं नाही.

मग पत्राचा अर्थ कन्नडमध्ये सांगत सह्यांसाठी दारोदार फिरले. काहींनी ऐकून लगेच केल्या. काहींनी दार अर्धंच उघडलं. अण्णांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, मान हलवली आणि परत दिलं.

"मी नाही करणार."

"अण्णा, तुमचा स्वेटर काढायला लावला त्यांनी."

"मला माहीत आहे. मी काढला, मला माहीत नसेल?" ते म्हणाले. "पण मार्चमध्ये करार नवा करायचा आहे. तो नाही झाला तर मला पुन्हा धाकट्याकडे जावं लागेल. तुम्हाला इथे नुसता मान हवाय. मला इथे खोली हवीय."

मला त्यांचा राग आला. आता वाटतं, तो त्यांच्यावर यायला नको होता. भाडं भरून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सही करायची भीती वाटावी, अशी जागा ज्यांनी करून ठेवली त्यांच्यावर यायला हवा होता.

अम्मांनी विचारलं, "कशाचं पत्र आहे?"

"फोटो काढू नका म्हणून."

"सरी," त्या म्हणाल्या आणि कन्नडमध्ये, एकेक अक्षर वळवून, सही केली. शेवटच्या वाक्याबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्यांदा मी त्यांच्यापासून खरं लपवत होते.

सेक्रेटरींनी मला ऑफिसात बोलावलं. उंच, खादीतले, हळू बोलणारे गृहस्थ. पत्र समोर होतं आणि त्यावर पेपरवेट ठेवलेला.

"बसा अम्मा," ते म्हणाले. "इंग्रजी छान लिहिता."

मी बसले.

"तुम्हाला त्रास काय झाला नक्की? कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. चांगल्या घरची माणसं सुट्टीचा दिवस घालवून तुमच्यासाठी येतात."

"ती आमच्यासाठी येत असती तर आमची वेळ विचारून आली असती," मी म्हटलं. "माझं घड्याळ काढायला लावलं. अण्णांना बनियनवर उभं केलं. तुम्ही तिथेच होतात."

"फोटो चांगला आला म्हणजे देणग्या येतात. तुम्ही जे भाडं देता त्यात ही इमारत चालत नाही. वरचं कोण देतं असं तुम्हाला वाटतं?"

"भाडं तुम्ही ठरवलंत. मी कमी करा म्हटलं नव्हतं. करारात कुठे लिहिलंय की उरलेलं आम्ही तोंड पाडून फेडायचं?"

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. ते खरंच दुखावलेले दिसले. त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं या कामाला दिली होती आणि आपण चांगलं करतोय याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. अशा माणसाशी भांडणं फार कठीण.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय, पाहुणे न आलेले बरे. मग कोणीच नको. सगळ्यांना कळवतो."

"मी फोटोबद्दल..."

"सगळ्यांना कळवतो," ते पुन्हा म्हणाले आणि पत्राची घडी घातली.

पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही. मी वर खिडकीत बसून पुस्तक वाचलं आणि जिंकल्यासारखं वाटून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसरा रविवार शाळेच्या मुलींचा होता. दहा वाजता मी खाली पेपर आणायला गेले तर हॉलमध्ये अम्मा एकट्याच बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, केसांना तेल, मांडीवर रुमालात बांधलेली अबोली आणि केळीच्या सोपाचा दोरा.

"आज उशीर केला पोरींनी," त्या म्हणाल्या.

मला खोटं सुचलं नाही. "त्या येणार नाहीत, अम्मा," मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहून त्यांना सगळं सांगितलं. पत्रात काय होतं, सेक्रेटरी काय म्हणाले, त्या दिवशी हॉलमध्ये तो तरुण माणूस खरं काय म्हणाला होता, तेही.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"मला जगात कोणी नाही असं तो म्हणाला?"

"हो."

"मग खोटं कुठे आहे ते?" अम्मा म्हणाल्या. "माझ्यापुरतं खरंच आहे. तुझा फोटो पेपरात आला तर तुझा भाऊ भांडायला आला. माझा आला असता तर कोण आलं असतं? ती एक पोर यायची, फोनम्मा. तिला तू माझ्या सहीने बंद केलंस."

त्या उठून जिना चढायला लागल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. तीन आठवडे सकाळची कॉफी मी एकटीने घेतली.

त्या तीन आठवड्यांत मला जेवढा संताप आला तेवढा ब्लँकेटच्या वेळीही आला नव्हता. थोडा स्वतःवर. पण जास्त त्या व्यवस्थेवर, जिने आम्हाला दोनच गोष्टी पुढे केल्या होत्या. एक तर मान खाली घालून फोटोला उभे राहा, नाहीतर दिवसचे दिवस कोणाचं तोंड बघू नका. सेक्रेटरींना शाळेच्या मुली थांबवायची काय गरज होती? त्यांनी कधी कोणाचा फोटो काढला नव्हता. मला धडा शिकवण्यासाठी त्यांनी एका आयाच्या हातातली वेणी काढून घेतली. मी एवढंच म्हणत होते की आम्हाला माणसांसारखं भेटा. त्याचं उत्तर न भेटणं हे होतं, आणि ते उत्तर देणारा माणूस स्वतःला आमचा आधार समजत होता.

शेवटी मी दोन बस बदलून त्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकांना भेटले. मध्यम वयाच्या, कामात बुडालेल्या बाई. त्यांना एवढंच कळवलं होतं की रहिवाशांना मुलींचा त्रास होतो.

"असं कोणी म्हटलं नाही," मी म्हटलं. "माझ्या पत्रामुळे झालं हे. मुलींना माझ्याकडे पाठवा."

"ट्रस्टच्या परवानगीशिवाय मी मुली कशा पाठवू?"

"ट्रस्टकडे पाठवू नका. माझ्या घरी पाठवा. मी भाडेकरू आहे. माझ्याकडे पाहुणे येऊ शकतात, करारात लिहिलंय."

करार मी पिशवीतून नेला होता. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. चारपेक्षा जास्त पाहुणे एका वेळी नकोत, असं त्यात होतं. बाई पहिल्यांदा हसल्या. "मग चारच पाठवते," त्या म्हणाल्या. "पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन. आणि एक शिक्षिका फाटकाशी थांबेल."

मुली आल्या तेव्हा मॅनेजर गेटवर आडवा आला. मी खाली उतरून करारातलं कलम त्याला वाचून दाखवलं. बिचारा नोकर माणूस, त्याने सेक्रेटरींना फोन लावला, ते घरी नव्हते, आणि मुली वर आल्या. मी चुरमुऱ्याचा चिवडा केला होता. त्यांनी रिकाम्या हाताने यावं असं मी बजावून सांगितलं होतं. चष्मेवालीने माझ्या खोलीत बसायचं नाकारलं. ती सरळ समोरच्या दारावर गेली आणि दार वाजवलं.

अम्मांनी दार उघडलं. तिला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. मला बोलावलं नाही. उरलेल्या तीन मुलींशी मी ट्रंक कॉल कसे जोडायचे याबद्दल बोलत बसले. त्यांना ते फार मजेशीर वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराबाहेर डिकॉक्शनचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. अम्मांनी मला पूर्ण माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर मी कसलाही कागद सहीला नेला की त्या म्हणायच्या, "आधी सगळं वाच. शेवटची ओळसुद्धा."

दात्यांचे रविवार वर्षभराने पुन्हा सुरू झाले, ट्रस्टला ते हवेच होते. या वेळी नोटीस बोर्डावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये एक ओळ लागली, की हॉलमध्ये येणं आणि फोटोला बसणं ऐच्छिक आहे. पत्राचा उल्लेख नव्हता. अण्णा दर वेळी जायचे, पण स्वेटर घालून, आणि फोटोग्राफर काही म्हणाला तर बहिऱ्यासारखे बघायचे. भाऊ पुढे दोन-तीन महिन्यांनी एकदा यायला लागला. यायचा तेव्हा भावजयीने दिलेला डबा आणायचा आणि अर्धा तास खिडकीपाशी बसून, इथे हवा चांगली आहे, असं म्हणायचा.

त्याआधी, पत्रानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये, नवे करार आले. माझा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एक नवं कलम घातलं होतं. रहिवाशांनी संस्थेच्या सर्व कार्यक्रमांना सहकार्य करावं आणि देणगीदारांविषयी कृतज्ञता बाळगावी. मी मॅनेजरच्या टेबलाशी बसून त्या कलमावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली, बाजूला सही केली, खाली सही केली, आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे असं चालतं का, अम्मा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "विचारा त्यांना."

त्याने कोणाला विचारलं की नाही, मला कळलं नाही. कागद त्याने फायलीत लावला. पट्टी हातात घेऊन वर गेले तर अम्मा दारात उभ्या होत्या, त्यांचा करार हातात घेऊन. "वाच," त्या म्हणाल्या. मी पूर्ण वाचून दाखवला. त्या कलमापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं, ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि माझ्याकडे पट्टी मागितली.